वाचकांचे प्रश्न : मिटिंगला जायचंय, पण कोणी ओळखीचं भेटलं तर?

प्रश्न : वय 41, तालुक्याच्या गावी माझं हार्डवेअरचं दुकान आहे. रोज संध्याकाळी क्वार्टर लागतेच, हल्ली जास्तच. आधी श्रावण कडक पाळायचो, या वर्षी आठ दिवसात मोडला. मधे माळ पण घातली होती, काही महिने टिकली. हल्ली सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. एक मित्र म्हणाला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मिटिंगला जा. पण गावात कळलं तर धंदा बसेल. तिथे उभं राहून बोलावंच लागतं का, देवाधर्माचं करतात का आणि फी किती?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, धंद्याचं नंतर बघू, मला काळजी वाटली ती हात थरथरतात या वाक्याची. याचा अर्थ शरीराला सवय लागलीय आणि अशा वेळी आजपासून बंद म्हणून घरच्या घरी एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसात फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भलतंच बडबडायला लागतो, यात जीव पण जातो. म्हणून आधी डॉक्टर, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ, सिव्हिल हॉस्पिटलला पण चालेल, त्यांना रोज किती आणि सकाळी किती ते खरं सांगा (आपल्याकडे डॉक्टरला पण अर्धीच सांगायची पद्धत आहे). ते गोळ्या देतील नाहीतर काही दिवस ॲडमिट करतील. मिटिंग हे काम करत नाही, मिटिंग त्याच्या पुढचं काम करते, म्हणजे सुटलेली सुटलेलीच ठेवणं. पत्ता मात्र आजच शोधून ठेवा, गाडी नीट चालवता येत असेल तर या आठवड्यात जाऊन पण या, पिणं चालू असलं तरी कोणी दारातून परत पाठवत नाही.

शोधायचं कसं, तर ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे मिटिंग बघता येतात, पण अशा याद्या जुन्या झालेल्या असतात, जागा बदलते वार बदलतो, त्यामुळे निघायच्या आधी फोन करा. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथेही विचारा. ओळखीचं कोणी नको असेल तर सरळ सोलापूर शहरातल्या मिटिंगला जा, माल आणायला जाताच ना, त्याच दिवशी. ऑनलाइन मिटिंग पण असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. आणि समजा गावातला कोणी तिथे भेटलाच, तर तो काय तिथे सिमेंट घ्यायला आलेला नसणार.

आत काय असतं ते सांगते. ओपन मिटिंगला आम्हा समुपदेशकांना, नातेवाइकांना बसता येतं, क्लोज मिटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. मी गेले होते ती शाळेच्या वर्गात होती, बाकं चौथीच्या पोरांची, मोठमोठी माणसं गुडघे वाकडे करून बसलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार, किटलीतला चहा. एकेक जण पुढे येतो, नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, मी मद्यपी आहे म्हणतो आणि पाचेक मिनिटं स्वतःचंच सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हे मला फार आवडलं, कारण आपल्याकडे सल्ल्याशिवाय ऐकून घेणारा माणूस मिळतो कुठे. तुम्ही हात जोडून आज ऐकतो म्हणालात की विषय संपला. फी नाही, शेवटी थैली फिरते, टाकले तर दहा-वीस, नाही टाकले तरी चालतं. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

देवाचं म्हणाल तर प्रार्थना असते, ईश्वर हा शब्द येतो, पण कोणता देव ते ज्याचं त्याने ठरवायचं, काही जण तर ग्रुपलाच मानतात. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून टिकले, तिथून हे सुरू झालं आणि अजून मुख्य गोष्ट तेवढीच आहे, पिणाऱ्याने पिणाऱ्याशी बोलायचं. तुमची माळ का सुटली हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. पहिला ग्रुप नाही जमला तर दुसरा बघा, काही ग्रुप खरंच कंटाळवाणे असतात, एकच काका तीच गोष्ट दर आठवड्याला सांगतात. जमलं की एखाद्या जुन्या मेंबरचा नंबर घ्या आणि संध्याकाळी शटर ओढताना त्याला फोन करा, दुकान ते घर हाच तुमचा अवघड रस्ता दिसतोय.

प्रश्न : ताई, मिस्टर मिटिंगला यायला तयार नाहीत. शेजारीण म्हणते दारू सोडायची गोळी मिळते, भाजीत घाल. घालू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम खाली जाऊ शकतं, जीवावर बेतू शकतं. त्यांना माहीत असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. तुम्ही स्वतः अल-अनॉनला जा, ती घरच्यांची मिटिंग आहे, नवरा पीत असला तरी जाता येतं. ॲडमिट व्हायला कधी तयार झालेच तर पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं, तिथे पेशंटच्या बायकांसाठी पण वेगळा गट असतो. आणि घरात हात उगारला जात असेल तर मिटिंगबिटिंग नंतर, आधी 112 किंवा 181 ला फोन करा.