रान्माची जोडी फॅनफिक्शनवाले सारखी र्योगाशीच का जमवतात? मूळ कथेत तर आकाने ठरलेली आहे ना?

प्रश्न वाचला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून लिहायला बसले, कारण या पापात माझाही वाटा आहे. चांगला अकरा प्रकरणांचा.

नवख्यांसाठी एवढंच: रान्मा हा रुमिको ताकाहाशींच्या 'रान्मा 1/2' या जपानी चित्रकथेचा (मांगाचा) नायक, आकाने त्याची वाग्दत्त वधू, र्योगा त्याचा जुना वैरी, आणि फॅनफिक्शन म्हणजे त्यांच्यावर चाहत्यांनी रचलेल्या कथा. आता उत्तर देऊन टाकते. र्योगा सोयीचा पडतो. गार पाणी अंगावर पडलं की रान्मा मुलगी होतो, गरम पाण्यानं परत मुलगा, हे त्याच्या मुलीच्या रूपावर भाळलेल्या कुनोच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. शाम्पू नावाच्या चिनी लढवय्या मुलीचं तर विचारूच नका: रान्मा मुलगी असताना ती त्याला जिवे मारायला निघालेली, मुलगा असताना लग्न करायला. र्योगाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. गार पाण्यानं तो स्वतःच काळं डुकराचं पिल्लू होतो, आणि जुसेंक्योच्या शापित झऱ्यात त्याला पाडलं ते मुलगी झालेल्या रान्मानंच. म्हणजे जुनं वैर आहे, दोघांचं दुखणं एकच आहे. शिवाय रान्मा मुलीच्या रूपात कधी त्याची बहीण होतो, कधी वाग्दत्त वधू, आणि हा बावळट दर वेळी फसतो. निम्मी तयारी ताकाहाशीबाईंनीच करून ठेवलीय, आपण फक्त फोडणी घालायची.

आता माझं. 2003 साल, पुण्यातलं मुलींचं हॉस्टेल. गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढंच. जिला उशीर झाला तिला आम्ही म्हणायचो, 'आज तू दिवसभर मुलगीच.' मी दोनशेपानी वहीत मराठीत लिहायचे आणि रविवारी सायबर कॅफेत बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप करायचे. मूळ कथेत हर्ब नावाचा राजपुत्र येतो, त्याच्याकडे एक पळी असते. त्या पळीतलं पाणी अंगावर पडलं की आहे ते रूप पक्कं होतं. मग एका ठरावीक किटलीतल्या गरम पाण्याशिवाय सुटका नाही. मी पहिल्याच प्रकरणात ती किटली फोडली. रान्मा कायमचा मुलगी, आणि शेजारी र्योगा हजर.

सातवं प्रकरण रूममेटला वाचायला दिलं. छपरावर दोघं बसलेत, र्योगा काहीतरी पुटपुटतो आणि 'रान्मानं मान खाली घातली.' त्या ओळीखाली हिरव्या पेनानं दोन रेघा. समासात लिहिलेलं, 'हा कोण? कालपर्यंत कुनोला लाथेनं आभाळात पाठवणारा हाच ना?' आणि त्याखाली, 'दोन मुली लिहायची हिंमत नाही म्हणून पोराला कुलूप लावलंस.'

पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. बादली एकच होती, तीसुद्धा न बोलता एकमेकींच्या दारात ठेवायचो.

तिचं म्हणणं होतं, आकाने समोर असताना र्योगा कशाला? पहिल्या भागात आकानेला रान्मा मुलगी म्हणूनच भेटतो, आणि ती आपणहून मैत्रीचा हात पुढे करते. बिनसतं ते तो मुलगा निघाल्यावर! मग बापांनी जमवलेलं लग्न बाजूला ठेवून त्या मैत्रीचं पुढे काय झालं ते लिही की.

हे मला तेव्हा पटलं नाही. आजही निम्मंच पटतं. मी किटली फोडली ती हिंमत नव्हती म्हणून नव्हे. गरम पाणी हाताशी असलं की रान्मासाठी मुलगी होणं ही नुसती चैन असते, आइस्क्रीम खायला नाहीतर दुकानदाराकडून सवलत उकळायला. परतीची वाट बंद झाल्यावर तो काय करेल, हे मला बघायचं होतं. पण बघितलं का? नाही. मान खाली घातली आणि मोकळी झाले.

इलाची गोष्ट आठवा. राजा अरण्यात शिरतो आणि बाई होतो, मग एक महिना पुरुष, एक महिना बाई. बाई असताना बुधाशी संसार, त्यातून पुरूरवा. पण उत्तरकांडात एका रूपातलं दुसऱ्या रूपात आठवतच नाही. आठवण पुसली की जोडी कुणाशीही बिनबोभाट लागते. रान्माला सगळं आठवतं, आणि घोडं तिथेच अडतं. मग लिहिणारे त्याची आठवण नाही तरी त्याचा माज पुसून टाकतात. मुलगी झाला, आता मुलगा हवा, आता लाजायला हवा. मीही तेच केलं. रूममेटनं बोट बरोबर तिथेच ठेवलं होतं, फक्त कारण चुकीचं लावलं.

रान्माची जोडी त्याच्या बालमैत्रिणीशी, उक्योशी, जमवणाऱ्यांचं मला पूर्वीपासून बरं वाटतं. ती स्वतः मुलाच्या वेषात वाढलेली, लहानपणी रान्मा तिला मुलगाच समजायचा. तिथे कुणी कुणापुढे मान खाली घालत नाही.

तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर र्योगा खुशाल घ्या, पण किटली शाबूत ठेवा. गरम पाणी शेजारी उकळत असताना रान्मा गार पाण्यातच राहिला, तर ती प्रेमकथा. नाहीतर नुसतं स्थळ जमवणं.

आणि हो, मी सगळं इंग्रजीतूनच वाचलंय, जपानी चाहत्यांच्या लिखाणाबद्दल मला विचारू नका. मुलगी होऊन मान खाली घालणारा रान्मा कुणाला मनापासून आवडत असेल, त्यात स्वतःचं काही सापडत असेल, तर माझं काही म्हणणं नाही. मी माझ्या सातव्या प्रकरणाबद्दल बोलतेय.

2024 मध्ये नवी मालिका आली, तेव्हा रूममेटचा इतक्या वर्षांनी मेसेज आला: 'किटली सापडली का?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. वही तिच्याकडेच आहे.