शेतावर रोज राहत नसाल तर कोंबड्या घेण्याआधी हे बघा

भाऊ, कोंबड्या पाळा नक्की, पण आधी रोज एक चक्कर मारणारा शेजारी शोधा, तो नसेल तर सध्या घेऊच नका. खाद्य चार दिवसांचं भरून ठेवता येतं, खरा घोळ पाण्याचा होतो, एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट, आणि भांडं उलटलं की संपलंच, म्हणून टाकीला निपल ड्रिंकर (चोच लावली की थेंब थेंब पाणी देणारी तोटी) लावा, टाकी सावलीत ठेवा. खुराड्याला पातळ षटकोनी जाळी नको, कुत्रं दातानं फाडतं, अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्डिंगनं जोडलेली जाड चौकोनी जाळी) घ्या आणि खाली फूटभर बाहेरच्या अंगाला पसरून मातीत पुरा, उकरणारं जनावर तिथंच अडतं. अंधार पडला की कोंबड्या आपणहून आत जातात पण दार कोण लावणार, तिथं ऑटोमॅटिक दरवाजा लागतोच. अंडी साठली की साप, मुंगूस येतात, म्हणून अंडी शेजाऱ्यालाच नेऊ द्या.