लसीनंतर कुत्र्याला त्रास झाला, आता पुन्हा कसं नेऊ?

लस दिल्यावर कुत्र्याला एकदा त्रास झाला की पुढच्या लसीची तारीख जवळ येताच घरातल्या एका माणसाची झोप उडते. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकच्या सगळ्या भागांतून अशी माणसं माझ्याकडे येतात. कारण मात्र वेगळंच सांगतात. छातीत धडधडतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. कुत्र्यापायी समुपदेशकाकडे आलो, हे सांगायचा त्यांना संकोच वाटतो. तो आधी सोडून द्या. जीव लावला की काळजी आलीच, आणि काळजीपोटी हातून भलते निर्णय व्हायला लागले की कुणाशी तरी बोलायला हवं.

वसुधाताईंचंही असंच होतं (नाव बदललं आहे). बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशोबाच्या पक्क्या. मुलगी आणि जावई अमेरिकेत कनेटिकटला असताना त्या काही महिने तिकडे राहिल्या होत्या. घरात चिकू, जेमतेम पाच किलोचा डॅशहुंड. त्या भागात गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. 1975 च्या सुमारास कनेटिकटमधल्याच लाइम गावातल्या मुलांचे सांधे सुजायला लागले, तेव्हा तो ध्यानात आला. तिकडे कुत्र्यांना त्याची लस देतात. मुलगी कामावर होती म्हणून ताईच शेजारणीबरोबर चिकूला घेऊन गेल्या. एकाच भेटीत ती लस आणि आणखी दोन लसी झाल्या. घरी आल्यावर तासाभरात त्याचं तोंड सुजलं आणि अंगावर गांधी उठल्या.

पुढे सगळं कुटुंब चिकूसह नाशिकला परतलं. इथे रेबीजच्या लसीची वर्षाची तारीख आली आणि उलटून गेली. लसींचं पुस्तक घरात कुणाला सापडेना. ते ताईंनी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं होतं.

"पुन्हा होणार नाही, असं डॉक्टर लिहून देतील का?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"नाही देणार. कुणीच देऊ शकणार नाही."

"मग तुम्ही तरी काय करणार?"

मी त्यांना त्या दिवसाची हकिगत सांगायला सांगितली. त्यांनी बारकाईनं सांगितली. चिकू पंजानं कान घासायला लागला, ओठ जाड झाले, मग डोळे मिटत गेले. "मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता हो," म्हणाल्या आणि गप्प झाल्या. पुढच्या भेटींतही हकिगत तिथवर यायची आणि तिथेच थांबायची. एकदा मी ती थांबू दिली नाही.

"डोळे मिटले. मग?"

"मग काय?"

"मग पुढे काय झालं?"

बराच वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शेजारणीनं गाडी काढली. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं."

"मग?"

"डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तिथेच बसवून ठेवलं आम्हाला. हळूहळू सूज उतरली."

"मग?"

"घरी आलो. रात्री…" आणि त्या एकदम हसल्या, डोळ्यांत पाणी असताना. "रात्री माझ्या ताटातला वरणभात मागायला आला मेला."

एवढे महिने त्यांच्या मनात ही हकिगत सुजलेल्या तोंडापाशी अडकून बसली होती. गाडी, टॉवेल, वरणभात यांतलं काहीच त्यांना आठवत नव्हतं, कारण भीतीला त्याची गरजच नव्हती. आणखी एक गोष्ट अशीच गळून गेली होती. भारतात आणायच्या आधी चिकूला रेबीजची लस वेगळी दिली होती आणि तेव्हा त्याला काहीही झालं नव्हतं. पुस्तकात तशी नोंद होती. हिशोबाच्या पक्क्या बाईनं जमेची बाजू वाचलीच नव्हती. घाबरलेल्या माणसाला मी कधी 'घाबरू नका' म्हणत नाही. मी त्याच्याकडून त्याचीच हकिगत शेवटपर्यंत सांगून घेते. माझ्या कामात मला सर्वांत जास्त विश्वास याच गोष्टीचा वाटतो.

दुसरी गाठ होती 'त्याला काही होता कामा नये' या हट्टाची. 'काही होऊ नये' ही इच्छा असते, ती कुणाचीही असणारच. 'होताच कामा नये' म्हटलं की माणूस अशी हमी मागत बसतो, जी जगात कुणाकडेच नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 1955 पासून हेच सांगत राहिले आणि माझी वाट तीच आहे. म्हणून 'पुन्हा होईल का?' हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि 'झालं तर मी काय करीन?' याचं उत्तर कागदावर लिहून काढलं.

त्यासाठी माहिती हवी होती. ती प्राण्यांच्या डॉक्टरांकडून घ्या, असं मी सांगितलं. ताई पुस्तक घेऊन गेल्या आणि बरंच काही कळून आलं. लाइमची लस इथे चिकूच्या उपयोगाची नव्हती. आपल्याकडे गोचिडीमुळे होतात ते एर्लिकिया आणि बबेसियाचे आजार, त्यांवर ती चालत नाही आणि एर्लिकियाची लस तर बाजारातच नाही. इथली तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. त्यामुळे फटी बुजवणं, डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी वेळेवर देणं आणि कृषीनगरच्या ट्रॅकवरून किंवा गवतातून फिरून आल्यावर कान, काख आणि बोटांच्या बेचक्या तपासणं हाच इथला उपाय. रेबीजची लस मात्र चुकवायची नाही. तो आजार एकदा दिसायला लागला की प्राणी वाचत नाही.

लहान चणीच्या कुत्र्यांची भीती अगदीच निराधार नसते. अमेरिकेत 2002 आणि 2003 मध्ये लस दिलेल्या 12 लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तीन दिवसांच्या आत त्रास झाल्याची नोंद दर 10 हजारांमागे सुमारे 38 कुत्र्यांची होती. लहान कुत्र्यांत प्रमाण जास्त होतं, आणि एका भेटीत जितक्या लसी जास्त, तितका धोका वाढत होता. म्हणून चिकूला एका वेळी एकच लस द्यायची ठरली. 'लहान आहे, अर्धाच डोस द्या' अशी गळ पुष्कळ जण घालतात, ती घालू नका. अर्ध्या डोसात पुरेसं संरक्षण मिळेल याची खात्री नसते.

ताईंच्या फ्रिजवर कागद लागला. दिवसभर पेंगणं, टोचलेल्या जागी दुखणं, छोटी गाठ, एखाद दिवस कमी खाणं चालेल, लक्ष ठेवायचं. तोंड किंवा डोळे सुजले, गांधी उठल्या, उलट्या-जुलाब सुरू झाले तर लगेच फोन करून निघायचं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली किंवा तो कोसळला तर फोनसाठीही थांबायचं नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतलं घरातलं काहीही मनानं द्यायचं नाही, कुत्र्याला ते विषारी ठरू शकतं. खाली दवाखान्याचा आणि ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर.

रेबीजची लस सकाळी घेतली. ताई बराच वेळ दवाखान्यातच बसून राहिल्या. चिकू दिवसभर झोपला आणि वाटाण्याएवढी गाठ काही दिवसांत विरली. काही आठवड्यांनी पार्वो-डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या दोन विषाणूजन्य आजारांवरची, लस झाली आणि त्या वेळी त्याचा ओठ खरोखर सुजला.

"हिरड्या बघितल्या, गुलाबी होत्या," ताई सांगत होत्या. "फोटो काढला, वेळ लिहिली, फोन केला, रिक्षा बोलावली. इंजेक्शन दिलं, संध्याकाळी ठीक."

"हात थरथरत होते?"

"होते की! थरथरत्या हातांनीच कुलूप लावलं."

आता पार्वो-डिस्टेंपरची लस दर वर्षी द्यायची नाही, पुढची वेळ आली की रक्तात संरक्षण टिकून आहे का ते आधी तपासायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. रेबीजची ठरल्या वेळी सुरूच राहील. ताईंच्या आणि माझ्या भेटी थांबल्या.

तुमच्याही घरात पुस्तक कुठे तरी दडवलेलं असेल, तर ते काढा. दवाखान्यात फोन करून आधी काय झालं होतं, कोणत्या लसीनंतर आणि किती वेळानं, हे सांगा. सकाळची आणि कामाच्या दिवसाची वेळ मागून घ्या, म्हणजे त्रास झालाच तर दवाखाना उघडा असेल.