मंदीतला नोकरीचा शोध आणि हातातले महिने

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कपातीच्या यादीत नाव आले, निरोपाच्या वेळी तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम हाती आली आणि आता रोज रात्री उशिरापर्यंत जाहिराती चाळत बसणे सुरू आहे, हे वाचले. नोकरी कशी शोधावी आणि पैसे कसे पुरवावेत, असे दोन प्रश्न तू वेगवेगळे विचारले आहेस. मंदीत ते वेगळे राहत नाहीत. हाती किती महिने आहेत यावर कोणती नोकरी नाकारण्याची सोय आहे हे ठरते, आणि शोध कोणत्या दिशेने चालला आहे यावर ते महिने किती लागतील याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून आधी महिने मोजू.

गेल्या सहा महिन्यांचे खात्याचे उतारे समोर घे आणि प्रत्यक्ष झालेला खर्च लिहून काढ. आठवणीतून लिहिलेला खर्च नेहमी कमी भरतो. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचा हप्ता, शुल्क, दुरुस्ती, यांना बाराने भागून प्रत्येक महिन्यात धर. मग तातडीने काढता येईल अशी सगळी रक्कम एकत्र करून तिला मासिक खर्चाने भाग. समज, खर्च शंभर आहे आणि शिल्लक सहाशे, म्हणजे सहा महिने. खर्च पंचाहत्तरवर आणता आला तर तेच पैसे आठ महिने पुरतात, आणि एखाद्या अर्धवेळ कामातून पंचवीस मिळू लागले तर बारा. काटकसर आणि थोडीशी मिळकत एकत्र आल्यावर मुदत दुप्पट होते, हे कागदावर पाहिल्यावर लहान कामाला नाक मुरडणे आपोआप कमी होते. काटकसर करताना किरकोळ सुखांवर आधी घाव घालण्याची आपली सवय असते; खरी रक्कम मात्र घरभाडे, वाहन आणि कर्जाचे हप्ते यांत अडकलेली असते, म्हणून अवघड बोलणी तिथेच करावी लागतात. आरोग्यविमा मात्र बंद करू नकोस. नोकरीबरोबर मिळालेले संरक्षण कोणत्या तारखेला संपते ते आजच विचारून घे.

मंदी संपल्याची बातमी आली की नोकऱ्या सुरू होतील, असे गृहीत धरून आखणी करू नकोस. अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी अधिकृत नोंदीनुसार जून २००९ मध्ये संपली, पण बेरोजगारीचे प्रमाण १० टक्क्यांच्या शिखरावर पोहोचले ते ऑक्टोबर २००९ मध्ये. त्याआधीची मंदी नोव्हेंबर २००१ मध्ये संपली होती आणि तेव्हाचे शिखर जून २००३ मध्ये आले. कारण साधे आहे: मागणी वाढू लागली की मालक आधी असलेल्या माणसांचे तास वाढवतात, मग तात्पुरती माणसे घेतात, आणि ही मागणी टिकेल अशी खात्री पटल्यावरच कायम जागा भरतात. तुझ्या हिशेबातले महिने या विलंबाला पुरतील, अशा बेताने योजना आख.

आता कर्ज. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना तीन टक्के व्याज असेल तर ते वर्षाला ३६ टक्के नसून चक्रवाढीने सुमारे ४२.६ टक्के होते आणि दोन वर्षांत रक्कम दुपटीहून थोडी अधिक होते. त्यामुळे किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून उरलेल्या पैशातून ही थकबाकी आधी संपव. घराच्या कर्जाबाबत सल्ला उलटा आहे. निरोपाची रक्कम त्यात भरून ओझे हलके करण्याचा मोह होतो, पण एकदा भरलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही, आणि उत्पन्न नसताना नवे कर्ज कोणी देत नाही. हप्ता चुकेल असे दिसू लागताच, चुकण्यापूर्वी, कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळव. मुदत वाढवणे किंवा काही काळ सवलत देणे यावर नियमित फेड करणाऱ्याशी बोलणी होतात. तीन हप्ते थकल्यावर तीच माणसे वसुलीची भाषा बोलू लागतात. आणि या काळात कोणाच्याही कर्जाला जामीन राहू नकोस, मग नाते कितीही जवळचे असो.

शेअर बाजारात गुंतवलेली रक्कम महिन्यांच्या मोजणीत पूर्ण किमतीने धरू नकोस, कारण नोकऱ्या जाण्याचा आणि भाव पडण्याचा काळ बहुधा एकच असतो. ४० टक्के पडलेली गुंतवणूक मूळ किमतीला यायला जवळजवळ ६७ टक्के वाढ लागते. गरजेपोटी तळाशी विकणाऱ्याला ती वाढ कधीच मिळत नाही.

शोधाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तू त्यात सर्वांत जास्त वेळ घालवून सर्वांत कमी मिळवत आहेस असे दिसते. एकाच मजकुराचे शेकडो अर्ज पाठवणे हे कष्टाचे काम वाटते, पण एका जागेवर हजारो अर्ज येतात तेव्हा ते चाळणीतच अडकतात. आठवड्याला मोजकेच अर्ज कर, मात्र प्रत्येक अर्जात त्या जागेच्या अपेक्षांना तुझ्या कामातले पुरावे जोडून दाखव. उरलेला वेळ माणसांना दे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या पाहणीत, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत असे; बाकीच्यांची गाठ कधीमधी किंवा क्वचितच पडत असे. २०२२ मध्ये लिंक्डइनवरील दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेल्या प्रयोगानेही मध्यम दुराव्याच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरतात, असेच दाखवले. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते तुलाही ठाऊक असते. जुना सहकारी, दुसऱ्या विभागातला अधिकारी, पूर्वीचा ग्राहक यांच्याकडची माहिती वेगळी असते. त्यांना लिहिताना थेट नोकरी मागू नकोस, कारण ती देणे बहुधा त्यांच्या हाती नसते आणि मग उत्तर देणेच त्यांना अवघड जाते. त्यांच्याकडे कोणते काम अडले आहे, कोणता विभाग अजून माणसे घेत आहे, एवढेच विचार.

कपात झाली हे लपवू नकोस. अर्जात आणि मुलाखतीत एका वाक्यात सांग आणि पुढे जा. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ लांबतो तशी मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या आठ महिन्यांतच होते, असे त्यात आढळले. पण त्याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष तुझ्यासारख्यांनी अधिक लक्षात ठेवावा: जिथे बेकारी जास्त होती तिथे नोकरीतल्या या खंडाचा तोटा कमी दिसला. मंदीत रिकाम्या बसलेल्या माणसाचा दोष त्याच्या माथी तितका मारला जात नाही.

दुसरी गोष्ट उत्साहाची. न्यू जर्सीत २००९-१० मध्ये सुमारे सहा हजार बेरोजगारांची आठवड्यागणिक पाहणी झाली. दिवस जातील तसा लोकांचा शोधावरचा वेळ घटत गेला. हे आळसापोटी होते असे मला वाटत नाही, नकारांचा मारा कोणालाही थकवतो. म्हणून रात्रीचे जाहिराती चाळणे थांबव, सकाळचे ठरावीक तास शोधाला दे आणि दुपारनंतर संगणक बंद कर.

कमी पगाराची नोकरी घ्यावी का, हा तुझा खरा प्रश्न मला ओळींमधून दिसला. मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांवर कॅनडात झालेल्या अभ्यासात त्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्के कमी आढळली. पाच वर्षांत हा फरक निम्मा झाला आणि दहा वर्षांत जवळजवळ पुसला गेला. तो बराचसा भरून निघाला तो नोकऱ्या बदलून अधिक चांगल्या ठिकाणी जाण्यामुळे. म्हणजे कमी पगारावर सुरुवात करण्यापेक्षा तिथेच बसून राहणे अधिक महाग पडते. म्हणून आत्ताच, मन शांत असताना, टप्पे ठरव. हातात सहा महिने असेपर्यंत आपल्या क्षेत्रातलीच जागा शोध. चार उरले की पगाराची अट सोड, पण कामाचे स्वरूप सोडू नकोस. दोन उरले की मिळेल ते प्रामाणिक काम घे आणि शोध चालू ठेव. पगार कमी देणाऱ्याकडून सहा महिन्यांनी फेरविचार करण्याचे आश्वासन लेखी घे. मंदीत पैसे वाढवून मागण्यापेक्षा हे मिळणे सोपे असते.

नोकरी देण्यापूर्वी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा कागदपत्रांचा खर्च मागणारा कोणीही असो, तिथून उठून ये. हमखास नोकरीचे आमिष दाखवून कर्ज काढून महागडा अभ्यासक्रम करायला सांगणाऱ्यांनाही मी त्याच रांगेत बसवते.

घरी अजून सांगितले नसशील तर या आठवड्यात सांग. खर्चाचा कागद एकट्याने लपवून कमी करता येत नाही. तो कागद आणि एकाच जागेसाठी नव्याने लिहिलेला अर्ज, दोन्ही मला रविवारपर्यंत पाठव. अर्जात बदल सुचवीन आणि आकड्यांबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुझी हितचिंतक