दाताच्या खुर्चीची धास्ती

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची. लहानपणी तिची दाढ नीट बधिर न करताच उपटली होती. आता दुसरी दाढ ठणकते, तरी ती लवंग धरून बसते, दवाखान्याच्या जिन्यावरून परत फिरते. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, आईंना ‘एवढं काय घाबरायचं’ असं कृपा करून म्हणू नका. त्यांनी खरंच सोसलंय. गंगापूर रोडच्या माझ्या दवाखान्यात निफाडच्या एक आजी अशाच आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी तोंडात आरसाही घातला नाही. द्राक्षांच्या छाटणीवर बोलत बसलो. दुसऱ्या खेपेला आरसा त्यांच्याच हातात दिला. तिसऱ्या खेपेला दाढ काढली. त्यांनी हात वर केला की मी थांबायचं, असं ठरलं होतं. त्यांनी दोनदा केला, मी दोनदा थांबलो.

सुईआधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतात. मग औषध सावकाश सोडायचं. त्यात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यामुळे क्षणभर छाती धडधडू शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस आणखी घाबरतो. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना सांगा.

पू झालेल्या जागी बधिरता नीट चढत नाही, म्हणून फार थांबू नका. सकाळची पहिली वेळ मागा, बाहेर ताटकळणं टळेल. गाल सुजला, ताप आला किंवा गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.