डंख मारल्यावर मधमाशी का मरते?
अजिंठ्याच्या कड्यावरील आग्यामोहोळ पाहून आपल्याला पडलेला हा प्रश्न रास्त आहे. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्यामुळे ती राणीला व कामकरी माशीला असते, नराला नसतेच. कामकरी माशीच्या नांगीवरील मागे वळलेले काटे आपल्या लवचीक कातडीत अडकतात आणि माशी उडू लागताच विषाची पिशवी, स्नायू व चेतागाठ (मज्जापेशींचा पुंजका) यांच्यासह नांगी तिच्या पोटातून उपटून निघते. तुटलेली नांगी त्यानंतरही विष सोडत राहते, म्हणून ती तत्काळ नखाने खरवडून काढावी. डंखाच्या जागी केळ्यासारखा वास येतो (हा इतर माश्यांना दिलेला इशाराच), तेव्हा तेथे थांबू नये. दुसऱ्या कीटकाला डंख मारताना मात्र ती बहुधा वाचते.