गूगल असताना ठाण्यातल्या वाचनालयात संदर्भ विभाग हवा कशाला? हवाच असेल तर बदलायचं काय?

हवा, पण कपाटांना कुलूप लावून बसलेला नको. मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आहे. सनावळ्या, शब्दार्थ यांसाठी आता कोणी जिना चढणार नाही. मराठी विश्वकोशसुद्धा ऑनलाइन फुकट वाचता येतो.

लोक अडतात ते दुसरीकडेच. समजा, कुणाला आपल्या गावाचं जुनं वर्णन हवंय. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, इंटरनेटवर आहे, पण इंग्रजीत, आणि गावांची स्पेलिंगं साहेबाच्या कानाने लिहिलेली. ठाणेसुद्धा तिथे ‘थाना’! आजचं नाव टाकून शोधलं की हाती भोपळा. मुरलेला ग्रंथपाल आधी उलट विचारतो: कुठल्या काळातलं हवंय? कशासाठी? निम्मं काम तिथेच होतं.

हेच व्हॉट्सॲपवर करा. सकाळी प्रश्न घ्या, संध्याकाळपर्यंत ग्रंथाचं नाव आणि पान क्रमांक कळवा. प्रश्नोत्तरं एक्सेलमध्ये साठवा, कारण तेच प्रश्न फिरून येतात. नवे संगणक नंतर घेतले तरी चालतील; आधी टेबलावर विषय जाणणारं माणूस पूर्ण वेळ बसवा.